चोरवाटेला पायऱ्या

“थांबा आजी! तिथंच थांबा! एक पाऊल हलू नका!”

मी पाचव्या वळणावरून ओरडले आणि धावत खाली सुटले. खाली तिसऱ्या वळणावर ठकूबाई आखाडे डोक्यावरची दुधाची किटली एका हातानं सावरत उभी होती. मी धापा टाकत तिच्यापुढे जाऊन उभी राहिले, तेव्हा तिनं आधी माझ्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

“काय गं पोरी, वाघ लागला का मागं?”

“तुम्ही आत्ता कुठून आलात?”

“घरनं.”

“ते कळलं. पण कुठल्या वाटेनं?”

“ह्याच की. तूच केलीस न्हवं?”

“पूर्ण वाटेनं? चौथ्या वळणावरून फिरून?”

डोक्यावर किटली असल्यामुळे तिला मान हलवता येत नव्हती. तिनं नुसते डोळे मिटून ‘हो’ म्हटलं. “आता जाऊ दे मला. डेअरीचा टेम्पो गेला तर हे दूध मांजरांना घालावं लागंल.”

ती वाटेनं सावकाश निघून गेली. म्हातारी खोटं बोलते आहे याबद्दल माझी खात्रीच पटली. इतक्या शांतपणे खरं कोण बोलतं?

ही गोष्ट एकोणीस वर्षांपूर्वीची. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते आणि पुण्याच्या शिरगोपीकर सरांकडे नोकरीला होते. सर डोंगरात पायवाटा आखून बांधून द्यायचे. लोकांना वाटतं, पायवाट आपोआप पडते, तिला इंजिनियर कशाला? माझ्या सख्ख्या मामांनाही तसंच वाटायचं. पण शेकड्यांनी माणसं चालणार असतील तर आपोआप पडलेली वाट दोन-तीन पावसाळ्यांत ओहोळ होऊन बसते. म्हणून चढ मोजून घ्यायचा, दहा पावलं पुढे गेल्यावर एक पाऊल वर, त्याहून जास्त नाही. वाट दरीच्या बाजूला किंचित कलती ठेवायची, म्हणजे पाणी तिच्यावरून वाहत न जाता आडवं निघून जातं. आणि जिथे डोंगर फारच उभा असेल, तिथे वळणं घेत घेत चढायचं.

हे सगळं मला पाठ होतं. तरी पहिली तीन वर्षं सरांनी मला ऑफिसात बसवून पर्यटनस्थळांवरच्या स्वच्छतागृहांचे नकाशे काढायला लावले. एक्केचाळीस स्वच्छतागृहं काढली मी. त्यानंतर कुठे जावळीच्या खोऱ्यातल्या भेकरवाडीची वाट माझ्या एकटीच्या हाती आली. खाली वाडी, वर सडा, म्हणजे पावसाळ्यात फुलांनी भरणारं खडकाळ पठार, मध्ये सात वळणं. वाडीतल्या आठ जणांनी टिकाव, पहारी घेऊन चार महिने खपून ती बांधली आणि मार्गशीर्षात ती खुली झाली. पुढची तीन वर्षं वाटेची राखणही त्याच आठ जणांना मिळायची होती. पाचोळा काढायचा, पाण्याच्या चाऱ्या मोकळ्या ठेवायच्या, ढासळलेला दगड बसवायचा. फक्त महिनाभरानं सर येऊन वाट पाहून जाणार होते.

सरांचा एक नियम होता. “पोतनीस,” ते म्हणायचे, “वाट बरोबर आहे की नाही हे कागद सांगत नाही, लोकांचे पाय सांगतात. पहिल्या महिन्यात चोरवाट पडली, म्हणजे लोक वळण गाळून सरळ जायला लागले, तर चूक आखणाऱ्याची. त्यानं मुकाट्यानं ऑफिसात परत यायचं.”

म्हणजे बेचाळिसावं स्वच्छतागृह.

महिनाभर मी सड्यावरच्या चौकीच्या खोलीतच मुक्काम ठोकला होता. रोज सकाळी सातला वाटेनं खाली यायचं आणि पाचव्या वळणावर ठाण मांडायचं. ते वळण माझं लाडकं होतं. तिथून खालची सगळी वाट एका नजरेत दिसायची, चौथं वळण, तिसरं, दुसरं, अगदी वाडीतल्या मारुतीच्या देवळापर्यंत. पहिल्याच रविवारी तिथून मला साताऱ्याची दोन कॉलेजातली पोरं दिसली होती. तिसऱ्या वळणावर उभी राहून, चौथं वळण गाळून थेट वर चढायच्या बेतात होती. मी धावत खाली जाऊन दोघांना असं फैलावर घेतलं की ती पोरं सड्यावर न जाता घरी परत गेली.

त्यानंतर चार दिवसांनी मला ती दिसली. पाचव्या वळणापासून तिसऱ्यापर्यंत, सरळ उभ्या उतारावरून, गवतात पडलेली एक फिकट रेघ.

चोरवाट.

मी तिच्यावर करवंदीच्या काटेरी फांद्या आणून टाकल्या. दुसऱ्या दिवशी फांद्या बाजूला रचून ठेवलेल्या. मी पुन्हा टाकल्या, त्या पुन्हा बाजूला. दरम्यान पहारा चालूच होता. खाली तिसऱ्या वळणापाशी कुणी दिसलं की मी धावत जाऊन त्याला गाठायची. कधी लाकडं न्यायला आलेल्या बाया, कधी आमचेच मजूर, आणि रोज सकाळी न चुकता ठकूबाई. ती सड्यावरच राहायची आणि माझ्या आधी घर सोडायची. मी पाचव्यावर पोचावं, तर ही खाली तिसऱ्यावर हजर. सत्तरीची बाई, डोक्यावर पंधरा लिटर दूध, आणि माझ्यापुढे दोन वळणं! माझ्या हिशेबी याचा एकच अर्थ निघत होता.

शेवटी मी मुकादमाला धरलं. लखूनाना ढेबे, पन्नाशीचा माणूस, कामाला वाघ आणि बोलायला अत्यंत मोजका.

“नाना, या फांद्या रोज कोण काढतं?”

“मी काढतो,” नाना म्हणाला. इतक्या सरळ कबुलीची माझी तयारी नव्हती.

“तुम्ही? का?”

“काटा मोडतो की पायात.”

“कुणाच्या?”

नानानं टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा टोपी घातली. “आता काय सांगायचं बाई. जाणाऱ्याच्या.”

“जाणारं कोण आहे ते मला चांगलं ठाऊक आहे, नाना.”

“तुमाला ठाऊक असणारच की,” नाना म्हणाला, आणि त्याला एकदम हायसं वाटल्यासारखं दिसलं. “मग माझ्या तोंडनं कशाला?”

म्हणजे नानाही म्हातारीला सामील. रागानं माझा तिळपापड झाला. चार महिने ज्या माणसानं माझ्याबरोबर एकेक दगड निवडून बसवला, तोच आता चोरवाट झाडूनपुसून ठेवत होता.

आणि पंचविसाव्या दिवशी कहर झाला. सकाळी पाहते तर चोरवाटेवर पायऱ्या! उतार जिथे सगळ्यांत निसरडा होता, तिथे अकरा दगडी पायऱ्या. चोरवाटेला पायऱ्या मी जन्मात पाहिल्या नव्हत्या. चोरानं घर फोडावं आणि जाताना दाराला बिजागऱ्या नव्या बसवून जावं, तसं वाटलं मला. मी खोलीत जाऊन सरांना पत्र लिहिलं. ‘ग्रामस्थांनी संगनमताने व हेतुपुरस्सर’ अशी सुरुवात केली आणि दोन पानं लिहिली. ठकूबाईचं नाव तीनदा आलं, लखूनानाचं दोनदा.

सर सत्ताविसाव्या दिवशी आले. वाडीत मुक्काम न करता अंधार पडता पडता थेट सड्यावर चढून आले आणि अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी माझ्याबरोबर उतरायला निघाले. वय बासष्ट, हातात काठी, गळ्यात चढ मोजायचं यंत्र, आणि चाल अशी की मुंगीनं पुढे जावं. सातवं वळण पाहिलं, सहावं पाहिलं. काठीनं पाण्याची चारी टोकरून “छान” म्हणाले. सरांच्या तोंडून ‘छान’ ऐकायला मला तीन वर्षं लागली होती.

पाचव्या वळणावर ते थांबले. चोरवाटेकडे बराच वेळ बघत राहिले. मग काठी टेकत दोन पायऱ्या उतरले आणि पुन्हा वर आले.

“दगड कुणी बसवलेत?”

“मजुरांनीच, सर. पत्रात लिहिलंय मी.”

“काम चांगलं आहे. प्रत्येक दगड आत कलता बसवलाय. पाय घसरणार नाही.” सरांनी वही काढली. “नियम तुला माहीत आहे.”

“सर, पण ही आपोआप पडलेली नाही! मुद्दाम केलेली आहे. काटे काढले, पायऱ्या बांधल्या. यात आखणीचा काय दोष?”

सर विचारात पडले. “हं. पायऱ्या घातल्या म्हणजे मुद्दामच. मग तुझ्याकडे दोष नाही येत.” त्यांनी पेनचं टोपण काढलं. “पण मग यांच्या हातात राखण देता येणार नाही. तसं कळवावं लागेल. बाहेरचा कंत्राटदार येईल, दोन्ही बाजूंना काटेरी तार मारेल. आणि त्या बाईंना वाट बंद. त्यांनी पूर्वीसारखं ओढ्यातून जावं.”

ते वहीत लिहायला लागले. मी बचावले होते. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. नानाचा चेहरा डोळ्यांपुढे आला, पण मी तो बाजूला सारला. त्यानंच ओढवून घेतलं होतं.

तेवढ्यात खाली तिसऱ्या वळणावर ठकूबाई दिसली. रोजच्यासारखीच, किटली घेऊन.

“सर, त्याच त्या! थांबा, तुमच्यासमोर विचारते त्यांना!” मी म्हणाले आणि धावले.

खाली पोचले. ठकूबाई थांबली होती. माझ्याकडे बघून तिनं जिभेनं च्‌ च्‌ केलं.

“आज लईच जोरात आलीस. पायऱ्या घातल्यात म्हून काय उड्या मारायच्या? रोज बेतानं येतीस ती बरी.”

“रोज?” मी म्हणाले.

“मग? दिसाला तीन-तीन डाव येतीस. लखू म्हनला, बाई एक दिस पडंल, तंगडी मोडून घेईल. म्हून पोरांनी रिकाम्या वेळात दगड बसिवले.”

मी मागे वळून वर पाहिलं. अकरा पायऱ्या, त्यांच्या वर मळलेली लाल माती, तिच्या टोकाला पाचवं वळण. आणि त्या मातीत वरपासून खालपर्यंत एकाच प्रकारच्या बुटांचे ठसे. वाडीत बूट घालणारं माणूस एकच होतं.

“आजी,” मी म्हणाले. “या वाटेनं आणखी कोण जातं?”

“कोन जाईल? बाईची वाट हाय ती. मानसांनी तुज्या वाटंनं कशाला जायाचं? लखूनं समद्या वाडीला सांगून ठिवलंय, ती बाईला कामापायी लागती, तिकडं कुनी पाय ठिवायचा न्हाई.”

“आणि तुम्ही?”

ठकूबाईनं माझ्याकडे असं पाहिलं की माझ्या शिक्षणाचा खर्च ज्यानं केला असेल त्याची तिला कीव आली असावी. “मी? ही किटली डोईवर घिऊन त्या कड्यावनं? दूध काय तुजा बा गोळा करील? तुजी वळनाची वाट लई ब्येस हाय. गुडगं दुखत न्हाईत माजं. म्हून तर झपाझपा येती मी.”

ती निघून गेली. मी तिथेच उभी राहिले. इतके दिवस मी चोर शोधत होते आणि सबंध डोंगरावर चोर एकच होता. येणाऱ्याजाणाऱ्याकडे मी बारीक लक्ष ठेवलं होतं, पण त्यांच्यात स्वतःला धरायचं मला एकदाही सुचलं नव्हतं. मी तर नियम पाळून घ्यायला धावत होते ना! चोरामागे धावणारा पोलीस आपण चुकीच्या बाजूनं धावतोय का, हे थोडंच बघतो.

वर सर अजून वहीत डोकं घालून उभे होते. मी कुठून उतरले ते त्यांनी पाहिलं नव्हतं.

मी परत वर निघाले. या खेपेला वळणानं. तिसऱ्यापासून चौथ्यापर्यंत, चौथ्यापासून पाचव्यापर्यंत, आठ मिनिटं. कामावर देखरेख करत मी तिथून शेकडो वेळा गेले असेन, पण वाट पुरी झाल्यावर नुसती चालत अशी पहिल्यांदाच जात होते. चढ खरंच सोपा होता. श्वास न लागता विचार करता येत होता, आणि तेच वाईट होतं. गप्प बसले तर वाट माझी, पुढचं कामही माझं. बुटांचे ठसे दोन दिवसांत पुसले जातील. वाडीतलं कुणी पुण्याला येऊन सांगणार नव्हतं. त्यांना तर यात सांगण्यासारखं काही आहे हेच ठाऊक नव्हतं. फक्त आठ माणसांचं काम जाईल, त्यांनी माझी तंगडी मोडू नये म्हणून अकरा दगड बसवले एवढ्यासाठी. चौथ्या वळणावर माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला माझीच इतकी लाज कधी वाटली नव्हती.

“सर, लिहू नका,” वर पोचल्यावर मी म्हणाले. “ती चोरवाट मी पाडलीय. मी एकटीनं.”

सरांनी वही मिटली. “मला कोडंच पडलं होतं. आत्ता इथे होतीस, एवढ्यात खाली पोचलीस कशी?”

मी सगळं सांगितलं. पोरं, पहारा, काटे, पायऱ्या, पत्र. सर हसतील असं वाटलं होतं. निदान रागावतील तरी. त्यांनी मला वळणाच्या टोकाशी नेऊन उभं केलं.

“काय दिसतंय?”

“वाट.”

“किती?”

“सगळीच. थेट देवळापर्यंत.”

“नकाशात मी हे वळण कुठे सुचवलं होतं?”

“चाळीस पावलं पुढे. डोंगराच्या त्या सोंडेच्या पलीकडे.”

“तिथून काय दिसतं?”

“काहीच नाही. कारवीची झुडपं.”

“मग इथे का आणलंस?”

मातीचं, दगडाचं, पाण्याचं एखादं कारण सापडतं का बघितलं. नव्हतंच.

“इथून मला माझी वाट दिसते म्हणून,” मी म्हणाले. “रोज सकाळी बघायला बरं वाटायचं.”

आता मात्र सर हसले. मोठ्यानं नाही. “अगं, खालची वाट डोळ्यांना दिसली की पाय सरळ तिकडेच धावतात. ती दोन पोरं असोत नाहीतर तू. तू नसतीस तर उन्हाळ्यापर्यंत दुसऱ्या कुणी पाडली असती.” त्यांनी वहीतलं पान फाडून खिशात घातलं. “राखण यांच्याकडेच राहील. आणि पुढच्या सोमवारी तू ऑफिसात. पण आधी हे वळण मोडायचं.”

आठ जण आणि मी, सहा दिवस. लाडकं वळण मी माझ्या हातांनी टिकावानं उखडलं आणि चाळीस पावलं पुढे, सोंडेआड, नवीन घातलं. तिथून खरंच काहीही दिसत नव्हतं. शेवटच्या दिवशी सकाळी चोरवाट बुजवायची होती. दगड पसरायचे, पाचोळा टाकायचा, मध्ये कारवी लावायची. पहिली पायरी उपसायला मी पहार उचलली, तशी आठही माणसं काम थांबवून बघत राहिली. लखूनानाच्या चेहऱ्यावर भलतीच काळजी होती.

“पर बाई,” तो म्हणाला, “मग तुमी कुटनं जानार?”

“तुम्ही सगळे जाता तिथून, नाना. वळणानं.”

त्याला ते फारसं पटलं नाही. साहेबानं काहीतरी बोलून बाईचा मान कमी केला, असंच त्याला वाटत असावं. तरी त्यानं माझ्या हातातली पहार घेतली आणि स्वतः घातलेल्या पायऱ्या स्वतःच एकेक करून काढल्या. मी पत्रात काय लिहिलं होतं ते मी त्याला त्या दुपारी भाकरी खाताना सांगितलं. त्यानं पुरतं ऐकून घेतलं, पाणी प्यायला आणि म्हणाला, “मग अकरा दगड वाया गेलं म्हना की.” त्यापलीकडे तो त्याबद्दल कधी बोलला नाही, आणि मला ते बोलणं अजून पुरून उरलंय.

सोमवारी सकाळी पिशवी खांद्याला लावून मी सड्यावरून निघाले. पुढचे आठ महिने मी स्वच्छतागृहंच काढणार होते. नव्या वळणाच्या अलीकडे ठकूबाई दिसली. या वेळी मी तिच्या मागेच होते, वाटेवरच. पावलं वाजली तशी ती थांबली आणि कडेला झाली.

“चाललीस व्हय?”

“हो आजी. चला, तुमच्या मागूनच येते वाडीपर्यंत.”

“मागं नगं,” ठकूबाई किटली दोन्ही हातांनी घट्ट धरत म्हणाली. “तू म्होरं हो बाई. तू मागं असलीस की माजा जीव ह्या दुधात ऱ्हातोय.”

मी पुढे झाले. आणि वाडी येईपर्यंत, वळणावळणानं, मला माझ्या आयुष्यात कधी चालले नसेन इतकं हळू चालावं लागलं, कारण जरा पाय उचलला की मागून आवाज यायचा, “बेतानं गं, बेतानं!”